बुटाच्या खोक्यातला घोयरा

बालदोस्तांनो, ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा नुकताच होऊन गेला होता. सहामाही परीक्षा तोंडावर आली होती आणि मी फळ्यावर भागाकार मांडत होते. तेवढ्यात मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कुजबुजीचा गलका झाला, आणि पुढच्या दोन मुली किंचाळत थेट माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या!

"बाई, ह्यानं सरडा आणलाय!"

'ह्यानं' म्हणजे चौथीतल्या आमच्या एका पठ्ठ्यानं. त्याच्या मांडीवर बुटाचं खोकं होतं. खोक्याला खिळ्यानं भोकं पाडलेली, आत गवत अंथरलेलं आणि एका कोपऱ्यात बाटलीच्या झाकणात काठोकाठ पाणी. "बाई, मी पाळणार आहे ह्याला," तो म्हणाला. "नीट जपतो की. पाणीबी ठेवलंय."

मी आत डोकावले आणि चमकले. हा नेहमीचा सरडा नव्हता. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं. डोक्यावर टोपीसारखा उंचवटा. शेपटीचं घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळं. डोळे शंकूसारखे बाहेर आलेले. त्यातला एक माझ्याकडे वळलेला, तर दुसरा त्या किंचाळणाऱ्या मुलींकडे! हा होता घोयरा सरडा. कुणी त्याला सरडगुहिरा म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतला शॅमेलिऑन तो हाच. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, पण आपल्या भारतात सापडते ती ही एकच.

"बाई, लांब व्हा! थुंकला तर माणूस मरतंय!" एकानं मागून सल्ला दिला.

असं काही नसतं बरं का. घोयरा विषारी नाही. त्याच्या थुंकीनं, श्वासानं किंवा नजरेनं कुणालाही काही होत नाही. घाबरवलं तर तो अंग फुगवतो, तोंड वासतो, फिस्स करतो. बिचाऱ्याकडे दुसरं आहे काय?

पण माझं लक्ष होतं त्याच्या रंगाकडे. हिरवा घोयरा काळपट पडला होता. तो रंग मी आधी एकदा पाहिला होता. म्हणून भागाकार तसाच ठेवला आणि मुलांना माझी एक चूक सांगितली. ती तुम्हालाही सांगते.

पाण्याशेजारी तहानलेला

मी पाचवीत होते. शेताच्या कुंपणावर मला असाच एक घोयरा सापडला. मी त्याला आंब्याच्या लाकडी पेटीत ठेवलं, वरून मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं, आणि रोज सकाळी स्वच्छ पाण्याची वाटी आत ठेवू लागले. नाकतोडेही पकडून द्यायची. पहिले दोन दिवस त्यानं ते खाल्ले. पुढे खाणं सोडलं. मग त्याचे डोळे आत जायला लागले. त्यानंतर तो भर दिवसा डोळे मिटून बसायला लागला. नवव्या दिवशी सकाळी तो पेटीच्या तळाशी पडलेला दिसला. वाटीतलं पाणी जसंच्या तसं होतं. मी रडले. आजी म्हणाली, "वय झालं असेल गं त्याचं."

वय झालेलं नव्हतं. तो तहानेनं मेला होता. भरलेल्या वाटीच्या शेजारी!

हे मला कळलं फार उशिरा, डी.एड. करताना, वाचनालयातल्या एका पुस्तकातून. घोयऱ्याचं सगळं आयुष्य झाडाच्या फांद्यांवर जातं. तिथे वाट्या, डबकी कुठून असणार? तिथे पाणी म्हणजे पानावरचं दव आणि पावसाचे ओघळणारे थेंब. लकाकणारा, हलणारा थेंब दिसला की तो जिभेनं टिपायचा, एवढंच त्याला ठाऊक. वाटीतलं स्थिर पाणी हे पाणी आहे, हे बहुधा त्याच्या लक्षातच येत नाही.

मी त्याच्यावर माया केली होती, यात शंका नाही. पण माया असणं वेगळं आणि माहिती असणं वेगळं. मुक्या प्राण्याला दोन्ही लागतात.

वर्ग एकदम शांत झाला. त्या मुलानं हळूच खोक्यातलं झाकण उचलून बाहेर ठेवलं.

रंग म्हणजे त्याचं बोलणं

सारखी बाजू बदलणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, 'हा सरड्यासारखा रंग बदलतो.' म्हणजे लबाड! पण घोयऱ्यावर हा आरोप करणं बरोबर नाही. आजूबाजूच्या रंगात लपता यावं म्हणूनच तो रंग बदलतो, असं पुष्कळांना वाटतं. त्याचा शांतपणीचा हिरवा-तपकिरी रंग पानांत लपायला उपयोगी पडतो, हे खरं. पण रंग बदलण्याची मोठी कारणं दुसरीच आहेत. थंडी वाजत असली, ऊन हवं असलं की तो गडद होतो, कारण गडद रंग उष्णता जास्त शोषतो. भीती वाटली, राग आला, दुसरा नर समोर आला, मादीला नर नको असला, की प्रत्येक वेळी कातडीवर निराळा रंग उमटतो. म्हणजे घोयरा रंग बदलून खोटं बोलत नाही, उलट मनातलं खरं अंगावर दाखवतो!

हे रंग बदलतात कसे? स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर अभ्यास करून याचं उत्तर दिलं. त्याच्या कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक रांगेनं मांडलेले असतात. आपल्या कवायतीच्या तासासारखेच समजा ना! मुलं दाटीनं उभी असताना रांग एक दिसते आणि 'हात अंतर घ्या' म्हटलं की निराळीच दिसते. शॅमेलिऑन शांत असतो तेव्हा स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. कातडीतल्या पिवळ्या रंगद्रव्यात तो मिसळून आपल्याला हिरवा दिसतो. चिडला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि हिरव्याचा पिवळा, नारिंगी होऊ लागतो. काळेपणा मात्र स्फटिकांमुळे येत नाही. तो येतो मेलॅनिन या काळ्या द्रव्यामुळे. ते कातडीतल्या पेशींमध्ये पसरलं की प्राणी गडद दिसतो.

खोक्यातला घोयरा काळपट का होता, ते आता आलं ना लक्षात? तो ओरडत होता. फक्त त्याला आवाज नव्हता.

पाळणं म्हणजे काय काय?

"मग परदेशात लोक पाळतात ते कसे?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. प्रश्न बरोबर होता. अमेरिका-युरोपात शॅमेलिऑन पाळणारे पुष्कळ आहेत. सगळ्यात जास्त पाळला जातो तो येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला, डोक्यावर उंच तुरा असलेला येमेनी शॅमेलिऑन. त्याचा थाट ऐका!

पूर्ण वाढलेल्या एका नराला साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच पिंजरा लागतो. पिंजरा काचेचा नको, जाळीचा हवा, म्हणजे हवा खेळती राहते. शिवाय काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं, तर त्याला ते दुसऱ्या नराचं वाटतं आणि तो दिवसभर चिडून बसतो. एका पिंजऱ्यात एकच प्राणी. शॅमेलिऑनला सोबत आवडत नाही.

आत जिवंत झाडं हवीत. जास्वंद चालते, मनीप्लांट चालतो. त्या पानांवर दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारायचा किंवा वरून थेंब थेंब पाणी सोडायचं. वर एक ऊब देणारा दिवा, ज्याच्याखालच्या फांदीवर साधारण तीस अंश सेल्सिअस तापमान राहील. शिवाय एक अतिनील किरणांची नळी, कारण या किरणांमुळेच त्याच्या अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होतं आणि खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे कामाचं नाही. त्याला लागणारे किरण काच अडवते. ते मिळाले नाहीत तर हाडं मऊ होतात, पाय वाकतात, आणि प्राण्याला फांदीसुद्धा धरता येत नाही.

आता जेवण. जिवंत रातकिडे, नाकतोडे, झुरळं. पण नुसते किडे देऊन भागत नाही. आधी त्या किड्यांना चांगला पाला, भाजी खाऊ घालायची आणि मग त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. म्हणजे एक शॅमेलिऑन पाळायचा तर आधी किड्यांचा गोठा सांभाळायचा!

एवढं सगळं करून त्याला मांडीवर घेऊन कुरवाळायचं म्हणाल, तर तेही नाही. हात लावलेला त्याला आवडत नाही. जाणकार पाळणारे त्याला कमीत कमी हाताळतात. दिवसातून दोनदा पिंजऱ्यासमोर उभं राहून रंग पाहतात, डोळे पाहतात, फांदीवरची पकड पाहतात.

मातीची बादली

सगळ्यात कठीण भाग म्हणजे पैदास. येमेनी मादी नराला स्वीकारायला तयार असली, की तिच्या अंगावर निळसर ठिपके दिसतात. पोटात अंडी वाढू लागली, की ती गडद होते. त्यावर पिवळे-निळे ठिपके उठून दिसतात आणि नर जवळ आला की ती तोंड वासून, डुलत त्याला हाकलते. 'जवळ येऊ नकोस' असं जणू अंगावर लिहिलेलं!

महिनाभरानं ती अंडी घालायला जमिनीवर उतरते. तेव्हा तिला खोल, ओलसर वाळू-माती लागते. म्हणून पाळणारे वाळूची बादली ठेवतात आणि पिंजऱ्याला कापड लावतात. कारण कुणी बघतंय असं वाटलं, तर ती खणणं अर्धवट सोडून देते. आणि जागाच मिळाली नाही तर? तर ती अंडी पोटातच धरून ठेवते आणि त्यात तिचा जीव जाऊ शकतो.

एका वेळी तीस ते साठ, कधी त्याहूनही जास्त अंडी. मादीला फार खाऊ घातलं, की ती आणखी अंडी घालते आणि आणखी झिजते. म्हणून चांगले पाळणारे तिला बेतानंच खायला देतात. पिल्लं बाहेर यायला सहा ते नऊ महिने लागतात. तेवढे दिवस अंडी ठरावीक ओलाव्यात आणि तापमानात सांभाळायची. मादागास्करच्या लाबोर्ड शॅमेलिऑनची तर कमालच! तो आठ-नऊ महिने अंड्यात राहतो आणि बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिने जगतो. २००८ साली शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केलं.

हे सांगता सांगता माझी नजर पुन्हा खोक्याकडे गेली. आपला घोयराही पावसाळ्यानंतर अंडी घालायला झाडावरून खाली येतो. "तुला हा कुठे सापडला रे?" मी विचारलं.

"बांधावर, बाई. खालीच होता, मातीत. पळालाबी नाही."

पोट जड दिसत होतं. तो नव्हता, ती होती! बहुधा खणायला जागा शोधत होती आणि आम्ही तिला खोक्यात घालून शाळेत आणलं होतं.

सोडायचं कुठे?

"बाई, शाळेच्या लिंबावर सोडू," मुलं म्हणाली. मी नको म्हटलं. प्राणी जिथून आणला तिथेच सोडायचा असतो. का, ते हवाई बेटांच्या गोष्टीवरून कळेल. १९७२ साली तिथल्या ओआहू बेटावर एका दुकानदारानं केनियातून तीन शिंगांचे जॅक्सन शॅमेलिऑन विकायला मागवले. प्रवासात ते तहानेनं सुकून गेले होते. जरा सावरू देत, म्हणून त्यानं ते बागेत मोकळे सोडले. ते सावरले आणि पसारही झाले! ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. बघता बघता ते वाढले, इतर बेटांवरही पोचले, आणि जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे तिथले किडे, गोगलगायी खाऊ लागले. दुकानदारानं केली होती दयाच. पण तीही माहितीवाचून.

त्याच १९७२ साली आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या कायद्यानं आपल्या घोयऱ्याला संरक्षण दिलं आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं, मारणं हा गुन्हा आहे. परदेशी जातींचं म्हणाल, तर बहुतेक सर्व शॅमेलिऑनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'सायटीस' करारानुसार नियंत्रण आहे, आणि २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर असा प्राणी आपल्याकडे बाळगायचा तर सरकारदरबारी नोंद करावी लागते. तेव्हा पालकहो, मुलाचा हट्ट म्हणून बाजारातून काही आणण्याआधी हे ध्यानात ठेवा.

मी त्या मुलाला रागावले नाही. रागवायचं तर आधी पाचवीतल्या मला रागवायला हवं होतं.

मुख्याध्यापकांना विचारलं. मुलांनी आवारातली जास्वंदीची फांदी आणून पाणी भरलेल्या बादलीत उभी केली आणि तोंडाला ओढणी बांधली, म्हणजे कुणी पाण्यात पडायला नको. खोकं आडवं करून फांदीला टेकवलं. ती आपली आपण वर चढली. मग मी ओल्या बोटानं वरच्या पानावर थेंब सोडत राहिले आणि नंतर आम्ही सगळे बाहेर येऊन खिडकीतून बघत बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चाळीस मुलं, पण हूं नाही की चूं नाही! अखेर एक डोळा पानाकडे वळला. मग दुसराही वळला. आणि तिनं थेंब टिपला. एक, दोन, तीन...

"प्यायली!" तो मुलगा पुटपुटला. मी पाचवीत असताना हे बघायला हवं होतं.

फोटो कसा काढायचा?

मधल्या सुट्टीत आम्ही बांधावर गेलो. मुलांनी फोटोसाठी धरणं धरलं, तेव्हा मी मोबाइल काढला. शॅमेलिऑनचा फोटो काढायच्या काही रीती आहेत. फ्लॅश मारायचा नाही. सकाळचं किंवा सावलीतलं मऊ ऊन उत्तम. वरून फोटो घेऊ नये. आपण वाकावं आणि तिच्या डोळ्याच्या उंचीवर यावं. नेम धरायचा तो डोळ्यावरच. डोळा स्पष्ट आला की फोटो जिवंत वाटतो. फांदी ओढायची नाही, प्राणी उचलून 'चांगल्या जागी' ठेवायचा नाही. आणि मुख्य म्हणजे घाई नाही. दहा पावलं लांब थांबायचं आणि तिचा रंग निवळेपर्यंत वाट बघायची.

परदेशातले कसलेले पाळणारेसुद्धा हेच करतात. प्राणी ओळखीच्या झाडावर, खिडकीच्या उजेडात, काही मिनिटंच. मासिकांत आपण लालभडक, निळेजर्द शॅमेलिऑन बघून 'वा!' म्हणतो. पण त्यातले कितीतरी फोटो समोर दुसरा नर आणून, त्याला चिडवून काढलेले असतात. आपल्याला दिसतो रंग, त्याला आलेला असतो राग.

आणि साध्या फोटोचं मोल कमी समजू नका. मादागास्करचा व्होल्ट्झको शॅमेलिऑन १९१३ नंतर कुणाला दिसलाच नव्हता. २०१८ साली शास्त्रज्ञांना तो पुन्हा सापडला, आणि तोही एका हॉटेलच्या वाढलेल्या बागेत! तिची मादी चिडली की काळा, पांढरा, जांभळा असे रंग दाखवते, हे तेव्हा जगाला पहिल्यांदा कळलं. तेही फोटोंमुळेच.

आमच्याकडे दोन फोटो झाले. पहिला वर्गातला, तोंड वासलेला, अंग फुगवलेला, काळाकुट्ट. दुसरा बांधावरच्या लिंबाच्या फांदीवरचा, हिरवा, अर्धा पानांआड. वर्गात कुठला लावायचा यावर हात वर करून मत घेतलं. बहुतेक हात पहिल्यासाठी. तेव्हा ती पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण बाई, पहिल्यात ती आपल्याला भ्यायलीय."

पुन्हा मत घेतलं. भिंतीवर दुसरा लागला.

मग पुढे?

तिनं अंडी घातली का? आम्हाला माहीत नाही. आम्ही मुद्दामच बघायला गेलो नाही. पण तो मुलगा घरी जाऊन वडिलांना सगळं सांगत बसला. त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात बांध पेटवतात. वाळलेलं गवत, काट्याकुट्या जाळून मोकळं करतात. त्या उन्हाळ्यात त्यांनी तेवढा लिंबाजवळचा तुकडा पेटवला नाही. "पोरगं तिथं उभं राहिलं, बाई," ते मला बाजारात भेटले तेव्हा हसत म्हणाले. "म्हणालं, खाली पिल्लं झोपल्यात."

पुढच्या पावसाळ्यात आम्हाला पिल्लं काही दिसली नाहीत. पण करंगळीएवढा हिरवा जीव हिरव्या पानांत चाळीस मुलांना दिसू नये, यात नवल नाही. बुटाचं खोकं मात्र वर्गात आहे. त्यात आता आम्ही खडू ठेवतो.

साधा सरडा की घोयरा?

● साधा सरडा पळतो. घोयरा संथ चालतो, वाऱ्यानं पान हलावं तसा पुढे-मागे झुलत.
● साध्या सरड्याची बोटं सुटी असतात. घोयऱ्याची बोटं दोन आणि तीन अशा जुड्यांत, चिमट्यासारखी.
● साध्या सरड्याची शेपटी लांब, सरळ. घोयऱ्याची वेटोळं घालून फांदी धरणारी.
● घोयऱ्याचे दोन डोळे एकाच वेळी दोन दिशांना बघतात आणि जीभ अंगाहून लांब असते.

घोयरा दिसला तर

● दगड मारू नका, उचलू नका. रस्त्यावर असेल तर मोठ्या माणसाला सांगा. लांब काठी पुढे धरली की तो तिच्यावर चढतो. ज्या बाजूला निघाला होता, त्याच बाजूच्या झाडावर सोडावा.
● जखमी असेल तर वनविभागाला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला कळवा.
● वहीत तारीख, वेळ, झाडाचं नाव आणि रंग लिहा. रंग का बदलला असेल, तेही लिहा. फोटो इतरांना दाखवा, पण जागा सांगत सुटू नका.

मग दोस्तांनो, येत्या पावसाळ्यात कुंपणाजवळून जाताना जरा हळू चालाल ना?